हवा वजा जाता

जगातली कुठलीही गोष्ट समोर येते तशी स्वीकारायची नसते, तिच्यातून आधी हवा वजा करायची असते, असं मनापासून मानणारा माणूस मला उभ्या आयुष्यात एकच भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातंच मुळात विचित्र. ना रक्ताचं, ना मैत्रीचं. एकाच सासुरवाडीच्या पंगतीत शेजारी पाट मांडले म्हणून जुळलेलं. आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. भर मे महिना, कल्याणचा पत्र्याचा हॉल, आणि मी मुंडावळ्या बांधून घामाने निथळत उभा. नवरदेव घाबरला, नवरदेव घाबरला म्हणून सासरची मंडळी खिदळत होती. तेवढ्यात एक उंच, हडकुळे गृहस्थ जवळ आले. त्यांनी आधी छताच्या पत्र्याकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "काळजी करू नका. यातला निम्मा घाम हॉलचा आहे. तुमचा स्वतःचा असा फार नाही." त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेला तो पहिला माणूस. मी तिथल्या तिथे त्यांना साडूभाऊ म्हटलं, त्यांनीही मला साडूभाऊच म्हटलं, ते आजतागायत.

साडूभाऊ ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात कामाला होते. कारखान्यांच्या भिंतींवर पिवळ्या डब्या बसवलेल्या असतात. अमोनिया, क्लोरीन, असं जे काही गळायला नको ते गळलं की या डब्यांनी बोंब मारायची. त्या डब्या बरोबर बोंब मारतात की उगाच, हे तपासून त्यांना ताळ्यावर आणणं हा साडूभाऊंचा व्यवसाय. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे यंत्र आणि मी एकमेकांपासून अंतर राखूनच राहिलो. पण साडूभाऊंनी सासुरवाडीच्या प्रत्येक सणाला श्रीखंड-पुरीच्या साक्षीने मला एवढं समजावलं की डबीतला सेन्सर फार हळव्या स्वभावाचा असतो. गॅस तेवढाच असला तरी डिसेंबरच्या कोरड्या हवेत तो एक आकडा दाखवतो आणि जुलैच्या दमट हवेत दुसरा. ऊन वाढलं की चढतो, गारठा पडला की रुसतो. म्हणून आधी बाहेर ऊन किती, दमटपणा किती ते मोजायचं, त्याने सेन्सर किती बहकला ते काढायचं, आणि तेवढं आकड्यातून वजा करायचं. जे उरतं ते खरं. सेन्सरला निरनिराळ्या हवा दाखवायला त्यांच्याकडे एक स्टीलची पेटी होती. तिच्यात ते कधी वाफ सोडत, कधी गारवा. "ह्यांचं इडलीपात्र," असं ताई म्हणायची. ताई म्हणजे साडूभाऊंची बायको, माझ्या बायकोची, नंदाची, थोरली बहीण.

आता हा उद्योग माणसाने गाळ्यात करावा आणि संध्याकाळी हात धुऊन घरी यावं. साडूभाऊ हात धूत, पण वजाबाकी बरोबर घेऊन येत. नात्यातल्या प्रत्येक माणसाची त्यांनी चूक काढून ठेवली होती. चूक म्हणजे दोष नव्हे. हा माणूस कुठल्या हवेत किती चढतो आणि किती उतरतो, त्याचा हिशेब. सासूबाई "असंच काहीतरी केलंय" म्हणाल्या की पुरणपोळी, अळूवडी आणि वर दोन भाज्या धरायच्या. सासरे "हा काय, निघालोच" म्हणाले की ते अजून आंघोळीला गेलेले नाहीत. नंदा "मी कुठे रागावलेय?" म्हणाली की... "तिथे माझा काटाच संपतो साडूभाऊ, पुढचं तुम्ही बघा," असं ते मला म्हणत. मी एकदा न राहवून माझी चूक विचारली. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाले, "तुम्ही तसे कोरडे. रीडिंग बऱ्यापैकी खरं येतं. फक्त ऐकायला चारपेक्षा जास्त माणसं असली की वाढतं." मला हे मुळीच पटलं नाही, आणि ते मी त्या वेळी जमलेल्या सगळ्यांना मोठ्याने पटवूनही दिलं.

हॉटेलात मिसळ आली की ते पहिला घास घेऊन थांबत. "तिखट वाटतेय, पण आपण उन्हातून आलोय. दोन मिनिटं पंख्याखाली बसू, मग ठरवू." तोवर माझी संपलेली असे. तापात फणफणलेल्या माझ्या मुलाला बघायला आले तर आधी थर्मामीटर कुठे ठेवता ते विचारलं, आणि तो गॅसशेजारच्या फळीवर असतो हे कळल्यावर अर्धा तास नंदाची खरडपट्टी काढली. पण साडूभाऊ खरे चिडलेले मी एकदाच पाहिले. कल्याणच्या बाजूला एका बर्फाच्या कारखान्यात ते मला हौसेने घेऊन गेलेले. तिथली अमोनियाची डबी रोज सकाळी लादी धुतली की उगाच ओरडायची, म्हणून कामगारांनी वैतागून तिच्यावर किराणा सामानाची प्लास्टिकची पिशवी चढवून वर दोरी बांधली होती. साडूभाऊंचा चेहरा लाल झाला. "ओरडते म्हणून तोंड बांधता तिचं? अरे, कशाने ओरडते ते विचारा की!" आणि ती पिशवी त्यांनी अशी अलगद सोडवली की बघणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी गुदमरतंय.

नवीन यंत्रांवरही त्यांचा राग होता. ही यंत्रं म्हणे आपलं शून्य आपणच ठरवतात. शून्य म्हणजे गॅस मुळीच नसताना दिसायला हवा तो आकडा. मला शून्य ठाऊक ते पेपरावरचा भोपळा म्हणून, पण साडूभाऊंच्या धंद्यात सगळ्यात मोलाची वस्तू तीच. शून्य लावायचं तर स्वच्छ हवा लागते, आणि वागळे इस्टेटमधली हवा त्यांना पसंत नव्हती, म्हणून ते बाटलीबंद हवा वापरत. विकत आणलेली हवा ऐकून सासऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता. नवीन यंत्रांना बाटली लागत नाही. रोज जी सगळ्यात बरी हवा मिळेल तिलाच ती स्वच्छ समजतात. "आणि गॅस रोज थोडा थोडा, मुंगीच्या पावलांनी वाढत गेला तर?" साडूभाऊ जिलबी हवेत धरून विचारत. "तर हे शहाणं रोज त्यालाच शून्य समजणार. माणसं खोकायला लागतील, आणि हे आपलं हिरवा दिवा लावून बसेल."

मग मी एकदा खोडी काढायची म्हणून विचारलं, की घरात तुम्ही प्रत्येकावर शंका घेता, पण घेता कशाच्या जोरावर? तुमच्या घरातलं शून्य कुठलं? साडूभाऊंनी क्षणाचाही विचार न करता स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "ही." आतून ताई म्हणाली, "चला, एवढ्या वर्षांत किंमत तरी कळली माझी!" नंदा हसून हसून बेजार झाली. पण साडूभाऊ गंभीर होते, आणि ते खरंच होतं. ताईने शाल घेतली की थंडी पडली. ताई आमटीला बरी म्हणाली की आमटी बरी. घरात दोन-दोन थर्मामीटर असताना हा माणूस पंखा लावायचा की नाही हे ताईच्या कपाळाकडे बघून ठरवायचा. अख्ख्या जगाच्या बोलण्यातून हवा वजा करणाऱ्या या माणसाने ताईच्या शब्दातून कधी काही वजा केलं नाही आणि त्यात कधी काही मिळवलंही नाही. तिला विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" संपलं. लग्नाच्या बायकोवर इतका निखालस विश्वास मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, आणि नंदा मला ते अधूनमधून ऐकवतही असे.

मधली काही वर्षं आम्ही दोघं नातवंडं सांभाळायला मुलाकडे बंगळुरूला होतो. फोनवर ताई दिसायची, पण फोनवर दिसतो तो नुसता चेहरा, तोही देवघरातल्या पिवळ्या उजेडात. परत आल्यावर ठाण्यातल्या आमच्या कोपरीच्या घराचं कुलूप उघडून, झाडलोट करून दुसऱ्याच दिवशी आम्ही डोंबिवलीला ताईकडे गेलो. दार ताईने उघडलं. नंदा उंबऱ्यातच थांबली. "ताई," ती म्हणाली, "अगं काय झालंय तुला?"

ताईचे पाय घोट्यांपाशी सुजून चपलेच्या पट्ट्यावर आले होते. ओठांचा रंग गेलेला. दार उघडायला ती आतल्या खोलीतून एवढी चालत आली, तेवढ्यानेच तिचे खांदे वर-खाली होत होते. मागून साडूभाऊ आले, आम्हाला बघून आनंदाने "या, या" म्हणाले आणि नंदाकडे बघत राहिले. तिला काय दिसतंय तेच त्यांना कळेना. त्यांनी ताईकडे वळून बघितलं, आणि मला आजही वाटतं की त्या क्षणी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी तिला बघितलं. ताई म्हणाली, "काही नाही गं, दमट आहे हवा."

ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, किती दिवस दम लागतोय. साडूभाऊ म्हणाले, "नाही, दम असा नाही लागत." आणि त्याच वेळी पलंगावरून ताई म्हणाली, "झाली असतील तीन-चार वर्षं." दोघांची उत्तरं एकमेकांवर पडली. डॉक्टर तरुण होता, त्याला कुणाकडे बघावं ते सुचेना. हृदयाची झडप खराब झाली होती, हळूहळू, वर्षानुवर्षं. वेळेवर कळली असती तर बदलता आली असती. आता हृदयच ओढून ओढून थकलं होतं.

हॉस्पिटलात ती महिनाभर होती. तिच्या उशाशी प्राणवायूचा आकडा दाखवणारं यंत्र लावलेलं. मला वाटलं, आता साडूभाऊ खोलीचा एसी बघतील, तिची बोटं गार आहेत का बघतील, आकड्यात काहीतरी मिळवतील. मी अगदी मनापासून वाट बघत होतो त्याची. पण ते स्टुलावर बसून त्या आकड्याकडे बघत राहत आणि त्यातून काही वजा करत नसत. एका दुपारी ते चहाला गेलेले असताना नंदाने ताईला झापलं. हो, झापलंच, आमच्याकडे रडू आलं की आधी झापतात. "नवरा दिवसभर गॅस मोजतो आणि तू त्याला एवढंही सांगू नयेस? बोलली का नाहीस?" ताईने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "अगं, हा माणूस जगात सगळ्यांवर शंका घेतो. एकट्या माझ्यावर घेत नव्हता. पहिल्यांदा दम लागला तेव्हा बरी आहे म्हणून गेले. मग ते खोटं ठरवायचं जिवावर आलं." एवढं बोलून ती पुन्हा धापा टाकायला लागली. नंदा बाहेर व्हरांड्यात येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. आठवड्याभरात ताई गेली.

दिवसांना माणसं येतात आणि बोलू नये ते बोलून जातात. सासरकडचे एक काका बैठकीत सर्वांदेखत म्हणाले, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." मला त्यांना तिथून उठवून जिन्यापर्यंत पोचवावंसं वाटलं. पण साडूभाऊंनी मान हलवली, जणू एखादं बरोबर आलेलं रीडिंग मान्य करावं. त्याहून वाईट झालं ते खालच्या मजल्यावरच्या बाईंमुळे, आणि त्या बिचाऱ्या तर मायेने बोलत होत्या. साडूभाऊंचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. या बाईंच्या दाराशी कुंड्या असत. "ताईंना फार आवड हो माझ्या झाडांची," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "येता-जाता थांबायच्याच. बोलायच्या नाहीत काही. कठड्याला धरून नुसत्या बघत राहायच्या." साडूभाऊंचा हात पाण्याच्या तांब्यावर होता, तो तसाच राहिला. ताईला झाडांचं वेड लागलंय असं त्यांनाही वाटलेलं. त्या वेडापायी त्यांनी तिच्या वाढदिवसाला कुंड्या आणल्या होत्या, पुढच्या वाढदिवसाला आणखी. गॅलरी भरून गेली होती, आणि तिने शेवटपर्यंत सगळ्यांना पाणी घातलं होतं.

सगळे गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. "साडूभाऊ," म्हणाले, "रोज तिच्याकडे बघून मी शून्य लावत गेलो हो. ती रोज एवढीशी खाली जात होती, आणि मी रोज तिथेच नवं शून्य लावत होतो. जिने थांबत चढायला लागली, तेच शून्य. पापड गच्चीऐवजी गॅलरीत घालायला लागली, तेच शून्य. सगळं जुळत होतं. काहीच कुठे चुकत नव्हतं." मला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणंही त्यांच्या काही कामाचं नव्हतं.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणतात. साडूभाऊंचं उलटंच झालं. ते आता काहीच फुंकत नाहीत. गाळ्यात जाणं त्यांनी सोडलं. मालक दोनदा घरी येऊन गेला. सासूबाई "असंच काहीतरी केलंय" म्हणाल्या तर ते "बरं" म्हणतात आणि दोन घास खाऊन उठतात. मिसळ आली तशी खातात. मी मुद्दाम सगळ्यांसमोर दीडपट फुगवून एखादा किस्सा सांगतो, आणि ते नुसती मान हलवतात. मग मलाच आपल्या फुगवण्याची लाज वाटते. जगाच्या बोलण्यातली हवा वजा करायला आता त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. कुठून सुरुवात करायची तीच जागा गेली.

एक शंका मात्र त्यांच्याकडे राहिली आहे, ती नंदाबद्दलची. नंदा ताईपेक्षा लहान, पण वळण तेच, आणि काही दुखलं-खुपलं की "मला काय धाड भरलीय" हे उत्तरही तेच. दर रविवारी साडूभाऊ डोंबिवलीहून कोपरीला येतात. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. ते वर येत नाहीत. खाली उभं राहून हाक मारतात, "नंदा, जरा खाली ये गं, पिशवी जड आहे." नंदा उतरते आणि दोघं मिळून जिना चढतात. सुरुवातीला मी चिडलो. हिचे गुडघे आधीच कुरकुरतात, आणि साडू असला म्हणून काय झालं, पिशवी स्वतः वर आणायला काय होतं? नंदाने मला गप्प केलं. "पिशवीत काय असतं बघितलंत कधी? मेथीची जुडी असते." मग मी गॅलरीतून आणि दारातून बघायला लागलो. जिन्यात साडूभाऊ तिच्या अर्धी पायरी मागे असतात. एरवी चार शब्द तरी बोलणारा माणूस तिथे एक अक्षर बोलत नाही, मान किंचित तिच्याकडे कलती करून चढतो. वर पोचलं की विचारतात, "दम लागला?" नंदा म्हणते, "नाही हो, छे." आणि त्यांचा चेहरा पडतो. मला आधी कळेना की ही बातमी वाईट कशी. मग कळलं की हे उत्तर त्यांनी फार वर्षं ऐकलेलं आहे.

गेल्या रविवारी त्यांची हाक आली, नंदा उतरली आणि बराच वेळ झाला तरी दोघं वर आली नाहीत. मी घाबरून दार उघडलं आणि काही पायऱ्या उतरलो. खाली मधल्या वळणावर दोघं उभी होती. नंदाने कठडा धरला होता. साडूभाऊ तिच्याकडे बघत होते, पण विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं. मला वाटलं, आता ही नेहमीचं छे म्हणणार.

"भाऊजी," नंदा म्हणाली, "मला दम लागलाय. छातीत काही नाही, गेल्याच आठवड्यात तपासून आलेय, कागद दाखवते घरी. पण रात्री झोप नाही झाली, गुडघेही दुखतायत, आणि खरं सांगते, लागलाय दम."

साडूभाऊ तिथेच पायरीवर बसले. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, चष्मा काढला आणि तळहाताने तोंड पुसलं. ते रडत होते, पण ताई गेली त्या दिवसापासून मी त्यांना इतकं मोकळं बघितलं नव्हतं. नंदाही हळूच गुडघ्यावर हात ठेवून त्यांच्या शेजारी बसली. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी उतरत होतं, त्याला मी हाताने जरा थांबायला सांगितलं.

"अजून लागतोय?" साडूभाऊंनी विचारलं.

"थोडा."

"मग बसू अजून," ते म्हणाले.